सोयऱ्यांनी नेलेलं ऊन

१

दोन हजार चोवीस साल होते. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. करिबाच्या धरणाचा तळ उघडा पडला आणि देशभर वीज एखाद्या रुसलेल्या पाहुणीसारखी वागू लागली. आली तर आली, दाराशी उभी राहून दोन शब्द बोलली आणि निघाली. काब्वे गावात त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. कुणी छतावर सोलर बसवले, किती क्वाचा मोजले, बसवणारा माणूस कसा निघाला. नळावर ज्या बायका पूर्वी सुनांची उणीदुणी काढायच्या, त्या आता बॅटऱ्यांची काढू लागल्या होत्या.

त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या उन्हात, जकरांदाची जांभळी फुले रस्ताभर पडून सुकत असताना, रेल्वेचा जुना सिग्नलवाला काबासो वारला.

माती झाली. मांडव उतरला. दूरचे पाहुणे बसने परत गेले. इतके दिवस रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत चटईवर बसून राहिलेली त्याची बायको रोडा त्या सकाळी पहिल्यांदा अंगणात आली. उजेडाने डोळे दिपले म्हणून तिने कपाळावर हात धरला आणि सवयीने छताकडे पाहिले. पत्र्यावर उत्तरेकडे तोंड करून जिथे दोन मोठी पॅनेले असायची, तिथे नुसत्या लोखंडी पट्ट्या उरल्या होत्या. त्यांच्यावर एक कबुतर बसले होते.

"वन्सं," रोडाने हाक मारली. आवाजात घाबरणे नव्हते, नवल होते. "वन्सं, बाहेर या. तो ऊन घेऊन गेला."

काबासोची थोरली बहीण एडिना चितेंग्याचे छापील कापड कमरेला गुंडाळत बाहेर आली. "कोण घेऊन गेला?"

"तुमचा भाऊ. मातीच्या आदल्या दुपारी मी पडले होते ना, तेव्हा ऐकलं मी. तो छतावर चालत होता. मला वाटलं, निघण्याआधी घर बघून घेतोय. तसं नव्हतं. जाताना ऊन बरोबर नेलं त्याने."

दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, बाई दुःखाने भ्रमली आहे. पण ती पावले त्या दुपारी एडिनानेही ऐकली होती, आणि तिलाही ती भावाचीच वाटली होती.

२

गावात एडिनाला एडिना कुणी म्हणत नसे. बेम्बा जमातीच्या घरात बाई आई झाली की तिचे नाव मुलाच्या नावात जाऊन बसते. तिचा मुलगा चिशाला, म्हणून ती बाना चिशाला, चिशालाची आई. स्थानिक न्यायालयात तिने उभी हयात न्यायनिवाडा केला होता. नवरा-बायकोची भांडणे, शेताच्या हद्दी, कोंबड्यांच्या चोऱ्या. साक्षीदार बोलू लागला की ती त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत बसायची. कारकून हसायचे. ती म्हणायची, "तोंड घरून शिकून येतं. पायांना कुणी शिकवत नाही."

शेजारच्या बाईला तिने विचारले, "आमच्याकडे चोरी झाली, आणि तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"चोरी?" शेजारीण कणीस सोलता सोलता थांबली. "अगं बाना चिशाला, चोरी कसली! आम्हीच तर शिडी धरली होती!"

मग सगळे बाहेर आले. बेम्बा आणि न्गोनी या दोन जमाती कोणे एके काळी एकमेकांशी लढल्या आणि लढून दमल्यावर थट्टेच्या सोयऱ्या झाल्या. बेम्बांच्या मयताला कबर न्गोनींनी खणायची, चुली त्यांनी पेटवायच्या आणि रडणाऱ्यांना हसवायचेही त्यांनीच. मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायची, वाटेल ती वस्तू उचलून न्यायची. घरच्यांनी रागवायचे नाही. चार क्वाचा हातावर ठेवून वस्तू सोडवून आणायची.

त्या दुपारी एक जण काबासोचा निळा रेल्वेचा कोट घालून आला होता. टोपी कानापर्यंत ओढलेली, तोंडाला मक्याचे पीठ फासलेले. छतावर चढला, इकडून तिकडे चालला, पॅनेले सोडवली आणि खाली दिली. लोकांनी ती हसत हसत झेलली, हातगाडीवर ठेवली, वर चितेंगे पांघरले आणि प्रेतयात्रेसारखी गाणी म्हणत कोपऱ्यापर्यंत पोहोचवूनही आले.

"आणि सोडवणुकीचे पैसे मागायला?"

"तो काही आला नाही अजून. आम्ही म्हटलं, मातीनंतर येईल. पण काय नक्कल केली गं मेल्याने! शेवटी गाडीजवळ उभा राहून असा रडला, असा रडला, की पिठावर दोन ओघळ पडले. आमची हसून मुरकुंडी वळली."

आणखी दोन दिवस वाट पाहून एडिना न्गोनींच्या म्होरक्याकडे, म्हाताऱ्या न्झिमाकडे गेली. रेल्वे फाटकाजवळ जोडे शिवायचा. एडिनाला येताना पाहून त्याने तोंडातले खिळे काढले.

"ये, माझ्या गुलामा, ये. भावाला पुरलंस, आता मला पुरायला आलीस?"

"उंदीर खाऊन खाऊन अजून मेला नाहीस, न्झिमा?"

"तुम्ही खाता त्या माकडांपेक्षा उंदीर पचायला हलका." मग त्याने जोडा खाली ठेवला आणि चेहरा बदलला. "ऐक. ती पॅनेलं आमच्यातल्या कुणी नेली नाहीत. मी एकेकाला विचारलंय. सगळे म्हणतात शावा असेल, कारण पाने-पकडी त्याच्याकडे आणि छतावर चढणारा तोच. शावा म्हणतो, मी नव्हतो."

लाझारो शावा म्हणजे ज्याने ऑगस्टमध्ये काबासोच्या छतावर ती पॅनेले बसवली, तोच. न्गोनी. अर्धी मजुरी अजून यायची होती. घरातल्या पुरुषांनी आदल्याच दिवशी त्याची शिडी आणि हत्यारांची पेटी ओढून आणली होती. शनिवारी बैठक, आणि वस्तू आली नाही तर शावाला पोलिसांच्या हाती द्यायचे, असे ठरले होते. हे पसरताच त्याची दोन कामे गेलीही होती.

"सोयऱ्याला मयतातल्या थट्टेपायी तुरुंगात घातलंत," न्झिमा म्हणाला, "तर पुढची मयतं तुमची तुम्ही पुरा. जो रडतोय त्यानेच कुदळ मारायची, बघू जमतं का."

संध्याकाळी चिशाला मामीसाठी पाव घेऊन आला. तिशी ओलांडलेला, मामाच्या घरी लहानाचा मोठा झालेला मुलगा. त्याने सगळे ऐकले आणि खाली बघत म्हणाला, "आई, पोलीस कशाला? मी भरून देईन. नवीन आणेन हळूहळू. शावाला सोडा."

किती मऊ मन आहे पोराचे, असे एडिनाला तेव्हा वाटले.

३

शावा स्वतःच्या घराच्या भिंतीला टेकून बसला होता. शिडी नसलेला शिडीवाला; हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते.

"त्या दुपारी कुठे होतास?"

"दुसऱ्या वस्तीत, एका छतावर. घरमालक गावाला गेलेला. मला बघणारा फक्त सूर्य, आणि तो साक्ष द्यायला येत नाही, आई."

"माझ्या भावाने तुला कसं धरलं कामाला?"

"तीन जण येऊन बघून गेले होते. सिकाझ्वेने सगळं सामान धरून पंचावन्न हजार सांगितले. दुसऱ्याने चाळीस, पण आधी सगळे हातात पाहिजेत म्हणाला, आणि त्याचा पत्ता विचारला तर आकाशाकडे बघायला लागला. मी म्हटलं, काबासोबाबा, सामान तुम्ही आणा, बसवायची मजुरी तेवढी मला द्या. त्यांना ते पटलं. म्हणाले, उंदीरखाऊ असलास तरी हिशोबाचा सरळ आहेस."

"आणि मजुरी राहिली म्हणून पॅनेलं नेलीस."

शावा हसला, पण ते हसणे गालापर्यंतच पोहोचले. "मजुरी वसूल करायची असती तर बॅटरी नेली असती. एका हाताने उचलता येते, आणि दोन्ही पॅनेलांना मिळून जे येईल त्याच्या तिप्पट येतं. ती तर तुमच्या खोलीत दाराशीच आहे. ती सोडून दोन दारांएवढ्या काचा गाडीवर घालून गावातून मिरवत नेणारा चोर म्हणजे..." त्याने हात झटकले.

एडिनाने हे मनात ठेवले. "सामान कसं होतं?"

शावा कोपऱ्यातल्या कोंबडीकडे बघू लागला. त्याचा उजवा पाय मातीत मागे-पुढे होऊ लागला.

"बोल."

"काबासोबाबांच्या नाकाची, टकलाची, घोरण्याची थट्टा करा म्हणा, दिवसभर करीन. त्यांच्या घरच्या खरेदीला मी नावं ठेवणार नाही. ते थट्टेत बसत नाही."

ती उठली. जाता जाता तिने सहज सांगितले, तो सोंगाड्या शेवटी किती छान रडला, पिठावर कसे ओघळ पडले.

शावा ताडकन उभा राहिला. "ओघळ? खरं पाणी?"

"शेजारणीने पाहिलं."

"मग, आई, तो आमच्यातला नव्हता! आम्ही रडण्याचं सोंग करतो. आवाज मोठा, डोळे कोरडे. मयताच्या अंगणात न्गोनीच्या डोळ्यातून टिपूस जरी पडलं तरी न्झिमाबाबा दंड करतात. तो जो कुणी होता," शावाचा आवाज खाली आला, "तो तुमच्यातला होता."

४

सिकाझ्वेचे दुकान बाजारात होते. भिंतीवर चकचकीत पॅनेले, मधोमध पंखा, आणि पंख्याखाली तो स्वतः. सगळ्यात महाग भाव त्याचा. काम हातचे गेले तेव्हा "शेवटी माझ्याकडेच याल" असे तो चारचौघांत म्हणाला होता. मयताला मांडव मात्र त्यानेच फुकट दिला होता.

"माझ्यावर संशय असेल तर बसून घ्या," तो म्हणाला. "मी काही छतावर चढत नाही. माझं वजन बघताय ना? पत्र्यासकट खाली आलो असतो."

"तू तिथे होतास?"

"होतो. एक पॅनेल माझ्याच हातातून गाडीवर गेलं. म्हणून सांगतो. मागचा पांढरा पडदा चहा सांडल्यासारखा पिवळा. चौकटीला जुनी भोकं. कुणाच्या तरी छतावर दहा वर्षं भाजून निघालेला माल. मी तो कोंबड्यांच्या खुराड्यावरही ठेवला नसता."

"तेव्हाच बोलला का नाहीस?"

"मयताच्या घरात जाऊन 'बघा, मी सांगत होतो' म्हणू?" सिकाझ्वे दुखावल्यासारखा दिसला. "मी महाग आहे, बाना चिशाला. निर्लज्ज नाही."

घरी आल्यावर एडिना रोडाच्या शेजारी चटईवर बसली. दुपार तापून पांढरी झाली होती. पत्रा वर बारीक कडकडत होता. बंद फ्रीजच्या दारावर रोडाने ओला फडका वाळत टाकला होता. ज्या फ्रीजमध्ये ती बर्फाच्या पिशव्या करून विकायची आणि घर चालवायची, तो आता नुसते कपाट झाला होता.

"रोडा, तो उजेड पहिल्यापासूनच कमी होता ना?"

"सातला मावळायचा. दिवसभर फ्रीज चालला की बॅटरीत काही उरायचंच नाही. तुम्हीच नाही का, मयतात बायका अंधारात बसल्या तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, हे उरकलं की लुसाकाहून जाणता माणूस बोलावते आणि छत तपासून घेते?"

एडिनाला आठवले. म्हणाली होती खरी. आणि दुसऱ्याच दुपारी पॅनेले गेली. ते ऐकणारे सगळे घरातले होते. शावा त्या संध्याकाळी आलेलाच नव्हता.

"रविवारी मात्र छान असायचं हो," रोडा स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत राहिली. "रविवारी फ्रीज लावू द्यायचा नाही तो. म्हणायचा, देवाने एक दिवस विसावा घेतला, तुझ्या फ्रीजलाही घेऊ दे. माझा बर्फ वाया जायचा, मी चिडायचे. पण रात्री जेवणं होईपर्यंत दिवा कसा पिवळाधमक. चिशाला यायचा ना जेवायला. तिघं त्या दिव्याखाली बसायचो. काबासो वर बघून म्हणायचा, काय माल आणलाय माझ्या भाच्याने!"

"चिशालाने आणला होता?"

"मग कोण? पेन्शनीचे साठवलेले पैसे मे महिन्यातच त्याच्या हातात दिले होते की. सगळं सामान त्यानेच आणलं, लुसाकाहून."

ओला फडका कधीच वाळला होता. एडिना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात छतावरची ती पावले पुन्हा चालू लागली. लांब, आखूड, आखूड. लांब, आखूड, आखूड.

५

गावाला काबासोची एकच चाल ठाऊक होती. एका अपघातात त्याचा पाय दुखावला होता, आणि बुटात तो सलायचा. बूट घालून, काठी टेकत, उजव्या अंगाला कलून तो बाजारातून जायचा. न्गोनी पोरे त्याची हीच नक्कल करायची. पण घरात, अनवाणी, तो तसा चालत नसे. रुळांखालचे स्लीपर एका पावलाला जवळ आणि दोन पावलांना लांब पडतात. त्यांच्यावरून आयुष्यभर चालता चालता त्याच्या पायांनी स्वतःची एक लय बसवली होती. एक लांब टांग, दोन आखूड. स्वयंपाकघरातून अंगणात जातानाही तो तसाच जायचा. जणू घराच्या जमिनीखालून रूळ गेले होते.

ही चाल रोडाला माहीत होती. एडिनाला माहीत होती. आणखी कुणाला, हे आठवायला तिला फार मागे जावे लागले नाही.

ती रुळांच्या कडेने निघाली. भर दुपार होती. दूरवर रूळ वितळून पाण्यासारखे हलत होते, आणि त्या पाण्यावरून तिला दोघे जण येताना दिसल्यासारखे झाले. पुढे निळ्या कोटातला काबासो, मागे शाळेच्या खाकी चड्डीतला, हातात मामाच्या न्शिमाचा, मक्याच्या उकडीचा डबा धरलेला तिचा पोरगा, मामाच्या पावलावर पाऊल टाकत. लांब, आखूड, आखूड. तेव्हा ती दारात उभी राहून हसायची. म्हणायची, बघा, मोठा सिग्नल आणि छोटा सिग्नल चालले.

जुनी सिग्नलची केबिन आता बंद होती. गाड्या कमी झाल्या, तरफा गंजल्या. दार नुसते लोटलेले होते.

आत दोन्ही पॅनेले भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभी होती. फुटक्या खिडकीतून ऊन त्यांच्यावर पडले होते. त्या जुनाट काचा निळ्या डोहासारख्या चमकत होत्या. मागून त्या चहाच्या डागासारख्या पिवळ्या होत्या. काबासो जिथे बसायचा त्या स्टुलावर निळा कोट नीट घडी करून ठेवलेला होता. चोराने ठेवावा तसा नव्हे. कॉलरला मक्याचे पीठ अजून चिकटलेले होते.

एडिना स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. कोट तिने मांडीवर घेतला. न्यायासनावर बसून तिने किती आयांना विचारले होते, तुझ्या मुलाने हे केले की नाही, खरे सांग. त्या आया खाली बघत चितेंग्याची टोके चुरगाळायच्या, आणि तिला त्यांचा राग यायचा.

बाहेर वाळलेले गवत होते. पिशवीत काड्यापेटी होती. कोट जाळला, दार ओढून घेतले, तर शनिवारी कुणाला काही सिद्ध करता आले नसते. शावा तर तसा परकाच.

तिने काड्यापेटी बाहेर काढली आणि परत पिशवीत टाकली. मग कोटाची घडी पुन्हा नीट घातली आणि काखोटीला मारून घरी आली.

६

शनिवारी सकाळी रोडाच्या अंगणात आंब्याखाली सगळे जमले. घरातले पुरुष खुर्च्यांवर, न्गोनी जमिनीवर, मधे शावाची शिडी आणि पेटी.

"पोलिसांकडे जायच्या आधी मला एक बघायचं आहे," एडिना म्हणाली. तिने निळा कोट बाकावर ठेवला. अंगणात कुजबुज झाली. "पॅनेलं सापडली आहेत. कुठे, ते नंतर. नेणाऱ्याने ती विकली नाहीत, बॅटरीला हात लावला नाही, सोडवणुकीचे पैसे मागितले नाहीत. त्याला पैसे नको होते. ती पॅनेलं कुणी तपासू नयेत, एवढंच हवं होतं. का, तर ती जुनी होती. आणि मी तपासणार आहे, हे फक्त घरातल्या माणसांनी ऐकलं होतं. आता एकेकाने हा कोट घालायचा आणि काबासोसारखं चालून दाखवायचं."

"हे काय कोर्ट आहे की लग्न?" न्झिमा ओरडला, पण सगळ्यांत आधी उठला तोच. कोट घातला, काठी मागून घेतली, उजवीकडे कलून असा लंगडला की बायकांनी तोंडावर चितेंगे धरले. मग शावा. तोही कलला, लंगडला. सिकाझ्वे कोटात मावेना. त्याने तो खांद्यावर टाकला आणि घामाघूम होत अंगणभर लंगडला. "मी जास्त घेतो, पण मनापासून करतो," असे म्हणून खाली बसला. सगळे हसले.

"सगळ्यांनी रस्त्यावरचा काबासो दाखवला," एडिना म्हणाली. "त्या दिवशी आम्ही दोघींनी छतावर ऐकला, तो घरातला काबासो होता." तिने कोट उचलून पुढे केला. "चिशाला. आता तू चाल."

चिशाला उठला. त्याने आईकडे पाहिले. त्याला लंगडता आले असते. उजवीकडे कलायचे, चार पावले टाकायची, की संपले. शावा शिडीच्या पायरीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता.

चिशालाने कोट अंगात घातला. मग वाकून बूट काढले, मोजे काढले आणि ते नीट शेजारी ठेवले. आणि अनवाणी चालला. लांब, आखूड, आखूड. लांब, आखूड, आखूड.

"हाच!" रोडा किंचाळली. "हाच होता तो!"

चिशाला आंब्यापर्यंत जाऊन थांबला. पाठ सगळ्यांकडे ठेवूनच बोलला.

"मामाने मे महिन्यात पैसे दिले. मला वाटलं, थोडे फिरवून वाढवतो, त्याला आणखी एक पॅनेल आणून चकित करतो. छोटे सोलर दिवे आणले विकायला. निम्मे बंदच निघाले. तोवर धरण आटलं, सगळा देश पॅनेलांवर तुटून पडला, भाव दुप्पट झाले. राहिलेल्या पैशात नवी बॅटरी आणि ही जुनी पॅनेलं एवढंच आलं. मामाला म्हटलं, कोरी आहेत. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई माणूस बोलावणार म्हटल्यावर मला वाटलं, निदान मातीच्या आधी हे कुणाला कळायला नको. मामाने माझ्याबद्दल जे मानलं तेच घेऊन जावं."

"आणि मला तुरुंगात पाठवून?" शावाने विचारले.

"मी आईला म्हणालो होतो, शावाला सोडा... पण खरं बोलायचं धाडस झालं नाही. आज पाय उचलेपर्यंतही नव्हतं."

एडिनाचे काम खरे तर संपले होते. पण तिच्याकडे एक गोष्ट उरली होती, आणि ती तिने न्यायाधीशासारखी सांगितली नाही.

"रोडा, रविवारी फ्रीज बंद का असायचा?"

"सांगितलं की. देवाचा विसावा."

"काबासो चर्चमध्ये कधी गेला होता शेवटचा?"

रोडाने बोटांवर वर्षे मोजून पाहिली आणि मोजणे सोडून दिले.

"उभा जन्म त्याने तारा आणि दिव्यांत काढला," एडिना म्हणाली. "चहासारखं पिवळं पॅनेल त्याला ओळखता आलं नसेल? पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. रविवारी चिशाला जेवायला यायचा. दिवसभर फ्रीज बंद, म्हणजे बॅटरी पुरी भरलेली. पोराने आणलेला दिवा पोरासमोर मालवू नये, म्हणून तुझा बर्फ गेला, रोडा. इतके रविवार."

चिशाला आंब्याच्या बुंध्याला धरून खाली बसला. तो रडला तेव्हा त्यात सोंग नव्हते, आणि कुणी हसलेही नाही.

शेवटी न्झिमा खाकरला. "तुमचं झालं असेल तर आमचं ऐका. हा पोरगा न्गोनी बनून आला. फुकट कुणी न्गोनी होत नाही. दंड आहे. आता वर्षभर बेम्बांच्या प्रत्येक मयताला त्याने आमच्या बाजूने यायचं. कबर खणायची, चूल पेटवायची, लोकांना हसवायचं." त्याने बोट वर केले. "आणि रडायचं नाही. टिपूसभरसुद्धा नाही. बघू, किती दिवस न्गोनी राहतो ते."

७

चिशालाने ते वर्ष पुरे केले. पहिल्या मयतात तो मागच्या भिंतीआड जाऊन रडला, म्हणून न्झिमाने त्याच्याकडून एक कोंबडी घेतली. पुढे त्याची नक्कल बघायला लोक मुद्दाम येऊ लागले. बाकीच्या दिवशी तो शावाच्या हाताखाली छतांवर काम करायचा. त्या मजुरीतून रोडाच्या छतावर एकामागून एक दोन कोरी पॅनेले चढली. ती सिकाझ्वेच्या दुकानातली होती. त्याने भावात सूट दिली आणि गावभर सांगत सुटला की दिली नाही.

शावाची गेलेली दोन्ही कामे परत आली. आता तो गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, "सामान तुम्हीच आणा, पण मला दाखवून आणा." न्झिमा पुढच्या थंडीत वारला. त्याची थट्टा करायला सगळे बेम्बा गेले, आणि सगळ्यांत मोठ्याने उंदरांची गाणी एडिनाने म्हटली. घरी आल्यावर मात्र दार लावून ती खूप रडली. लोक तिला अजून बाना चिशाला म्हणतात. काही दिवस ती त्या हाकेला जरा थांबून ओ द्यायची. आता लगेच देते.

जुनी पॅनेले केबिनमध्येच राहिली. त्यांच्यावर तिथला राखणदार एक छोटा रेडिओ चालवतो.

रोडाच्या घरी आता उजेडाला तोटा नाही. फ्रीज दिवसरात्र चालू राहिला तरी दिवा मंद होत नाही, बर्फही चांगला खपतो. तरी रविवारी सकाळी ती उठते, फ्रीजचे बटण बंद करते आणि चिशालाच्या जेवणाच्या तयारीला लागते.